पाच वर्षं टिकणारं कार्ड

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत मला माहीत नव्हतं. माहीत झालंच नसतं तर बरं झालं असतं, असं मी अजूनही म्हणतो. आई म्हणते, आता बोलून काय उपयोग. खरं आहे तिचं. पण मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझं काम नागपूरला, कळमन्याच्या धान्यबाजारात, एका आडत्याकडे. मी माल पारखतो. तूर, सोयाबीन, चणा. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, आतले दाणे बाहेर काढायचे, तळहातावर पसरायचे, एखादा दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, ओलावा किती, माती किती, डागी किती. वर चांगला माल आणि खाली कचरा भरलेली पोती मी इतकी पाहिली आहेत की कुणी नुसतं ‘माल एक नंबर आहे’ म्हटलं तरी माझं डोकं फिरतं. पटलं नाही तर घ्यायचं नाही, थांबायचं. अठरा वर्षं मी हेच करत आलो, आणि थांबल्यामुळे माझं नुकसान झालं असं कधी घडलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं. आई, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठी ताई. ताई शाळेची व्हॅन चालवायची. कन्हान ते कामठी, सकाळी एक फेरी, दुपारी एक. मागे पोरं कोंबलेली, दप्तरं वर बांधलेली, आणि ही पुढे ओढणी कमरेला खोचून बसलेली. पुलावर कुणी ट्रकवाला आडवा आला तर काच खाली करून त्याला असं काही सुनावायची की पोरं घरी जाऊन ते शब्द म्हणून दाखवायची. मग आया आमच्या दारात यायच्या. ताई त्यांना चहा पाजून परत पाठवायची.

आजार पहिल्यांदा डाव्या पायात आला. तिला वाटलं, व्हॅनचा क्लच जड झाला. तिनं गाडी मेकॅनिककडे नेली. त्यानं तेल-पाणी करून दिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा नेली आणि त्याच्याशी भांडली. तो बिचारा स्वतः चालवून आला आणि म्हणाला, “ताई, क्लच तं एकदम हलका आहे.” त्या दिवशी ती घरी आली आणि बराच वेळ व्हॅनमध्येच बसून राहिली.

पुढचं सगळं दवाखान्यांतलं आहे, ते मी सांगत बसत नाही. नसा मरत जातात आणि स्नायू वाळत जातात असा तो आजार. औषध नाही. वर्षभरात दोन्ही पाय गेले. व्हॅन विकली. ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसू लागली, आणि दिवसभर फोनवर एकच गोष्ट पाहू लागली. कुठल्या तरी देशातला माणूस कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम खेळतो आणि त्याचा व्हिडिओ टाकतो. त्यात काही म्हणजे काही होत नाही. मारामारी नाही, शर्यत नाही. माल भरायचा, निघायचं, सिग्नलला थांबायचं, पाऊस आला तर वायपर लावायचा, आठशे किलोमीटरवर माल उतरवायचा.

“यात काय मजा आहे वं?” मी एकदा विचारलं.

“जाऊन राहिला ना तो,” ताई म्हणाली.

एप्रिलमध्ये मी तिचे रिपोर्ट घेऊन एकटाच डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाले, आता हात. यंदाच्या वर्षातच धरून चाला. मी विचारलं, आणि त्यानंतर? तर ते म्हणाले, “त्यानंतर श्वास. त्यांना जे करावंसं वाटतं ते करू द्या. लवकर करू द्या.” मी मान हलवली. बाहेर येऊन उसाचा रस प्यालो. घरी येऊन सांगितलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, व्यायाम चालू ठेवा.

त्याच आठवड्यात ताईनं मला जवळ बोलावलं. “मले एक लॅपटॉप पाह्यजे,” ती म्हणाली. “गेम चालते तसा. फोन धरून हात भरून येतात. मांडीवर टेबल ठेवून दिला तं मी बटनं दाबीन. व्हॅनचे पैसे आहेत ना माह्ये, त्याच्यातून आण.”

तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच वस्तू. तोवर मागायचो तो मी, आणि द्यायची ती. मी म्हटलं, तुला एक नंबर लॅपटॉप आणून देतो, बघच तू. पुढची सगळी वाट त्या ‘एक नंबर’नं लावली.

रविवारी मी नागपुरात बर्डीवर, कॉम्प्युटरच्या दुकानांकडे गेलो. एका दुकानात लॅपटॉपची रांगच मांडून ठेवली होती, कीबोर्डखालून लाल-निळे दिवे निघालेले. दुकानदार माझ्याच वयाचा, बोलायला गोड. त्यानं दोन समोर ठेवले. दिसायला जुळे भाऊ. एकाचं ग्राफिक्स कार्ड सहा जीबीचं, दुसऱ्याचं आठ जीबीचं. त्यानं समजावलं की पडद्यावर जे चित्र दिसतं ते हे कार्ड काढतं. कार्ड दमदार असेल तर चित्र साफ आणि सलग, नसेल तर अडखळत. मी विचारलं, ट्रकचा गेम? तो म्हणाला, “भाऊ, ट्रकचा गेम तं सहावाल्यावर आरामात चालते. आज घेऊन जा, आज संध्याकाळी चालू.”

आज घेऊन जा म्हटल्यावर माझ्या अंगातला कळमना जागा झाला. एवढी घाई काहून, म्हणजे माल पडून असणार. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

घरी येऊन मी शोधायला बसलो, आणि जे सापडलं त्यानं तर मी पेटलोच. एकाच नावाचं कार्ड, तेच स्टिकर, तोच नंबर. पण एका लॅपटॉपमध्ये कंपनी त्याला साठ वॅट वीज देते, दुसऱ्यात एकशेचाळीस. वीज कमी तर काम कमी. आणि हे वर कुठेच लिहिलेलं नाही, आतल्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं. वर चांगला माल, खाली कचरा, तोच प्रकार. पुढच्या रविवारी मी पुन्हा बर्डीवर गेलो आणि दुकानदाराला विचारलं, वॅट किती? त्याला सांगता येईना. मी असा खूश झालो की विचारू नका. चार गिऱ्हाइकांसमोर त्याला चांगलं सुनावलं आणि छाती काढून घरी आलो. रिकाम्या हातानं.

ताईला सगळी हकीकत रंगवून सांगितली. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “पण मले ट्रकच चालवायचा आहे गा.”

“आज ट्रक, उद्या दुसरा गेम निघंल,” मी म्हटलं. “सहा जीबी उद्या पुरणार नाही. घ्यायचंच तं पाच वर्षं टिकंल असं घेऊ.”

“पाच?” ती म्हणाली.

“पाच कुठं जात नाहीत.”

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, “बरं, पाह्य.” ते पाहणं मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. कळलं होतं, आणि मी उठून कूलरमध्ये पाणी टाकायला गेलो.

मग मे आला. नागपूरचा मे. अंगणातल्या नळाला हात लावला की चटके बसू लागले. मी वाचलं की गरम झालं की कार्ड स्वतःहून हळू होतं. खोलीत कूलर लावूनही दुपारी अंग भाजत होतं, तर लॅपटॉपचं काय होणार? म्हटलं, उन्हाळा जाऊ दे. जूनमध्ये कळलं की कार्डं बनवणाऱ्यांत लाल कंपनी आणि हिरवी कंपनी असे दोन पंथ आहेत आणि त्यांचे लोक एकमेकांना जिवावर उठल्यासारखे शिव्या देतात. दोन्हीकडचं वाचण्यात पावसाळा गेला. माझ्याकडे एक वही झाली. पानापानावर रकाने, लॅपटॉपचं नाव, कार्ड, जीबी, वॅट, पंखे किती, वजन किती. बाजारातून आलो की हातपाय धुऊन मी वही उघडायचो. आणि खरं सांगायचं तर मला त्यात मजा येऊ लागली होती. त्या वहीत आजार नव्हता. दोन वस्तूंपैकी एक चांगली असते आणि नीट पाहिलं तर ती सापडते, एवढंच होतं. दवाखान्यात तसं काहीच नव्हतं.

वहीच्या बाहेर मात्र ताईचे हात चालले होते. आधी चहाचा कप दोन्ही हातांनी. मग कप बंद, पेला. मग वेणी आई घालू लागली. टीव्हीचं रिमोट ती बोटाच्या टोकानं दाबायची, ते बोट दुमडून सांध्यानं दाबू लागली. मी ते पाहिलं. पोत्यातला एक किडका दाणा ओळखणारा माणूस मी, मला ते दिसलं नाही असं कोण म्हणेल? दिसलं, आणि मी तिला विचारलं, वजन अडीच किलो असलं तर चालेल ना?

दसऱ्याच्या आधी शेठ म्हणाले, दसऱ्याला घेऊन टाक, मुहूर्त चांगला असतो. मी हसलो. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कुणी मुहूर्त पाहिला नाही. लग्नं केली, घर बांधलं, ताईची व्हॅन आणली, कशालाच पाहिला नाही. आजोबा तर मुद्दाम अमावास्येला खरेदी करायचे. मी घरी येऊन शेठचं बोलणं ताईला सांगितलं, थट्टेनं. आणि त्याच दमात हेही सांगितलं की जानेवारीत कार्डांची नवी पिढी येणार आहे, जुन्यांपेक्षा पुष्कळ पुढची, आता घेणं म्हणजे मूर्खपणा.

“म्हणजे तुह्याही मुहूर्तच आहे हा,” ताई म्हणाली.

“मुहूर्त कायचा? हे विज्ञान आहे.”

“हो ना बाप्पा. विज्ञान.”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, आणून दे रे तिला कसला असेल तो, पोरगी किती दिवसांपासून म्हणून राहिली. मी आईवर ओरडलो. तुला काही समजते का यातलं, असं म्हणालो. ताईनं त्यानंतर लॅपटॉपचा विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं तिला.

नवं कार्ड जानेवारीत काही आलं नाही, फेब्रुवारी उजाडला. पण आलं तेव्हा मी हवं तेच उचललं. आठ जीबी, पूर्ण वॅट, तीन पंखे. त्याच दुकानदाराकडून घेतलं. या वेळी त्याला वॅट पाठ होते. त्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, भाऊ, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिलं नाही. मी पेटी मांडीवर धरून ऑटोनं कन्हानला आलो, अख्ख्या रस्त्यात खाली ठेवली नाही.

आमच्याकडच्या नेटवर गेम उतरायला दीड दिवस लागला. मग मी ताईच्या खुर्चीवर आडवं टेबल लावलं, लॅपटॉप ठेवला, सगळं काही सर्वांत वरच्या पातळीवर केलं आणि गेम सुरू केला. काय चित्र होतं ते. पहाटेचा रस्ता, पाऊस नुकताच पडून गेलेला, डांबर चमकत होतं. पुढे लांबवर डोंगर. आई पदर सावरत पाहायला आली. ताई म्हणाली, “किती साफ दिसते गा.” तिचे डोळे भरले होते. माझेही.

मी तिचा उजवा हात उचलून कीबोर्डवर ठेवला. बोट वरच्या बाणावर. ट्रक इंजिन चालू करून उभा होता.

“दाब ना वं,” मी म्हटलं.

ट्रक उभाच.

“दाब, घाबरू नको. हे बटन दाबून धरायचं.”

“दाबूनच राहिले,” ताई म्हणाली.

मी तिच्या बोटाकडे पाहिलं. नख पांढरं झालं होतं. ती खरंच दाबत होती. बटण दाण्याच्या सालीएवढंसुद्धा खाली जात नव्हतं. एकदा गेलं, ट्रक हातभर पुढे सरकला आणि थांबला. बटण धरून ठेवायचं असतं आणि धरण्याएवढं बोट उरलं नव्हतं. आम्ही दुसरं बोट करून पाहिलं, डावा हात करून पाहिला, हाताखाली उशी घेतली. मी बटणं बदलली, माउस लावून पाहिला. तासाभरानं ती म्हणाली, मान दुखते, आता राहू दे.

त्यानंतर मी चालवायचो आणि ती पाहायची. मला धड चालवता यायचं नाही. वळणावर मी दुभाजकावर चढवायचो आणि ती चिडायची, “आरसा पाह्य आधी. इंडिकेटर कोण देईन, तुह्या शेठ?” हॉर्न मात्र ती वाजवायची. हॉर्नचं बटण धरावं लागत नाही, नुसतं टेकवलं तरी पुरतं, त्यावर मी तिचा अंगठा ठेवून द्यायचो. पुढचे पाचेक आठवडे तो वाजला. मग एका दुपारी मी पुलावर ट्रक नेला, हॉर्नची वाट पाहिली, आणि तो वाजला नाही. मी सरळ पुढे गेलो.

त्या दिवसांत एकदा मी पडद्याच्या कोपऱ्यात कार्ड किती कामाला लागलंय त्याचा आकडा लावला. सवय, दुसरं काय. सगळं सर्वांत वर ठेवूनही कार्ड निम्मंसुद्धा लागत नव्हतं. मग मी तोच गेम सहा जीबीच्या कार्डावर कसा चालतो त्याचे व्हिडिओ शोधले. दहा महिन्यांत ही एकच गोष्ट मी शोधली नव्हती. आरामात चालत होता. दुकानदार खरं बोलला होता. मी बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. मला स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि शेजारचे पाहतील म्हणून दिली नाही.

ताई त्यानंतर पाऊस संपता संपता गेली. त्याआधी महिनाभराची गोष्ट. तोवर तिचं बोलणं फार हळू झालं होतं, एकेक शब्द वेचून काढल्यासारखं. कान जवळ न्यावा लागायचा. दुपारची वेळ, आई झोपली होती. मी ट्रक चालवत होतो, रिकामा रस्ता होता. ताई म्हणाली, “एक विचारू?”

मी ट्रक बाजूला घेतला.

“काहून थांबून राहिला होता गा तू?”

रागानं विचारलं असतं तर मी भांडलो असतो, मला ते जमतं. पण ती खरंच विचारत होती. मी वॅटचं सांगायला तोंड उघडलं आणि मला ते जमेना. मग जे मी आईलाही सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. एप्रिलमध्ये डॉक्टर काय म्हणाले ते. हातांचं, श्वासाचं, आणि लवकर करा म्हणाले तेही. म्हटलं, “सहावालं घेतलं असतं तं ते आजच्यापुरतं झालं असतं वं. आजच्यापुरतं आणणं म्हणजे डॉक्टरचं खरं आहे असं मीच म्हटल्यासारखं. मले वाटलं, पाच वर्षांचं घेऊन ठेवलं तं... मले लय भेव वाटून राहिलं होतं.”

ती माझ्याकडे पाहत होती. तिला हे सगळं आधीपासून माहीत होतं, रिपोर्टचंही, हे मला तेव्हा कळलं. ओठ हलायला वेळ लागला.

“डॉक्टरचं तं खरंच होणार होतं,” ताई म्हणाली. “दिवाळीपर्यंत हात होते माह्ये.”